रोममधले परवडणारे जेवण: त्रास्तेव्हेरे टाळा, गार्बातेल्ला गाठा

रोमला निघालेल्या माणसाला कोणी ना कोणी हमखास सांगते की कोलोसियमच्या आसपास जेवू नका, तीबर नदी ओलांडून त्रास्तेव्हेरेत जा, तिथे खरे रोमकर जेवतात. हा सल्ला आता शिळा झाला आहे. तो पाळल्याबद्दल आम्हा दोघांना एका जेवणाचे 112 युरो 70 सेंट मोजावे लागले. पुढच्यांचे तेवढे पैसे वाचावेत म्हणून हा खटाटोप.

व्हॅटिकनची संग्रहालये पायी पालथी घालून आम्ही संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्रास्तेव्हेरेत पोहोचलो, तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. रोममधली घरगुती खाणावळ, म्हणजे त्रात्तोरिया, रात्रीच्या जेवणासाठी साडेसातच्या आधी सहसा चूल पेटवत नाही. त्यामुळे साडेसहाला जिथे पाने वाढलेली दिसतात आणि दारात उभा राहून कोणी पाहुण्यांना हाका मारतो, ते ठिकाण स्थानिकांसाठी नाही हे निःशंक समजावे. आम्ही बसलो. वाढप्याने बर्फावरचा अख्खा मासा ताटात घालून आणून दाखवला, त्याच्या ताजेपणाचे गुणगान केले, पण वजनाचा विषय काढला नाही. मेनूत त्या माशासमोर 8 युरो छापले होते आणि त्याला चिकटून, चष्मा लावूनही जेमतेम दिसतील अशा अक्षरांत, ‘एत्तो’ असे लिहिले होते. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. मासा भरला 900 ग्रॅम, म्हणजे 72 युरोंचा. त्यावर एक काचो ए पेपे, म्हणजे चीज-मिरीचा पास्ता, 14, सॅलड 7, पाणी 5, ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलावर बसण्याचे माणशी 3 आणि या सगळ्या बेरजेवर 15 टक्के सेवाशुल्क धरून बिल 119 युरो 60 सेंट झाले.

आता यातले कायदेशीर काय आणि बेकायदा काय, हे नीट समजून घ्यावे, कारण गल्ल्यावर तेच कामी येते. माशाचा भाव एत्तोवर लावणे कायदेशीर आहे, म्हणून मासा भट्टीत जाण्यापूर्वी तो तोलून घ्यावा आणि पूर्ण रक्कम कागदावर लिहून मागावी. असे करणे इथे कोणालाही उद्धटपणाचे वाटत नाही. सेवाशुल्क मेनूत छापलेले असेल तर तेही द्यावे लागते. कोपेर्तोची गोष्ट मात्र वेगळी आहे. रोम ज्या लाझियो प्रांतात येते, तिथे 2006 च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तो आकारण्यास मनाई केली आहे. पावाचे पैसे लावता येतात, पण न मागितलेला पाव परत पाठवण्याचा तुम्हाला अधिकार आहे. इटलीत इतर प्रांतांत कोपेर्तो रीतसर चालतो, त्यामुळे फ्लोरेन्समध्ये हा वाद घालून हसे करून घेऊ नये. आम्ही गल्ल्यावर कायद्याचा उल्लेख केल्यावर बरीच हुज्जत झाली, मालकाने खांदे उडवले आणि अखेर ते 6 युरो व त्यांवरचे सेवाशुल्क वजा झाले. हाताने आकडा खरडलेली चिठ्ठी हे बिल नव्हे; ‘स्कोन्त्रीनो’ म्हणजे छापील पावती मागावी, आणि कार्डयंत्र बंद असल्याचे सांगितले तरी दबकू नये, कारण कार्ड स्वीकारणे व्यापाऱ्यांना बंधनकारक आहे आणि 30 जून 2022 पासून नकाराला दंडही आहे.

आणि एवढे पैसे घेऊन ती काचो ए पेपे धड नव्हती. या पदार्थात लोणी नाही, क्रीम नाही. किसलेले पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचे चीज, मिरी आणि पास्ता उकळलेले पिठूळ पाणी एवढ्यावरच तो गुळगुळीत रस जमायला हवा. आमच्या ताटात चीजच्या गोळ्या एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, अशी फाटलेल्या दुधासारखी अवस्था होती.

त्यानंतर आम्ही पर्यटकांच्या वस्तीत जेवणे बंद केले आणि गार्बातेल्ला ही रोममधलीच जुनी वस्ती धरली. मेट्रोच्या बी मार्गिकेवर लाउरेन्तीनाच्या दिशेची गाडी पकडावी. कोलोसियमपासून तिसरे स्थानक. फाटकावर संपर्कविरहित बँककार्ड टेकवले की काम होते. स्थानकातून बाहेर पडल्यावर समोर काहीच खास दिसत नाही, त्यामुळे परत फिरण्याचा मोह होतो, पण जुनी वस्ती चढावर आहे, तिथवर चालत जावे. 1920 साली राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या हस्ते पियात्सा बेनेदेत्तो ब्रिन इथे या वस्तीची पायाभरणी झाली. कामगारांसाठी बांधलेली ही घरे ‘लोत्तो’ नावाच्या गटांत, मधल्या अंगणाभोवती रचलेली आहेत आणि त्या अंगणांत आजही दोरीवर कपडे वाळत असतात. वस्ती सुंदर आहे. कार्लोत्ताच्या कारंज्यापाशी पायऱ्या चढताना पाहून घ्यावी. इथे येण्याचे कारण जेवण हे आहे.

एकाच खाणावळीचे नाव घेऊन तिथे रांग लावण्यापेक्षा खाणावळ ओळखायची कशी हे कळणे उपयोगाचे. दाराबाहेर दरपत्रक लावलेले असावे, मेनू एका पानाचा असावा, पदार्थांची छायाचित्रे नसावीत. त्या दिवशीचे पदार्थ हाताने लिहिलेले असतील तर उत्तम. गुरुवारी न्योक्की, म्हणजे बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे, शुक्रवारी मासे आणि शनिवारी ट्राइप, म्हणजे गाईचे पोट, हा रोमचा जुना साप्ताहिक क्रम जिथे पाळला जातो तिथे डोळे मिटून बसावे. मेनूत पदार्थासमोर तारांकन दिसले तर तो गोठवलेला आहे असे समजावे. जेवणाचे सगळे चार-पाच टप्पे मागवण्याची गरज नाही. एक पास्ता आणि एक भाजी घेतली तरी कोणी नाक मुरडत नाही. आम्ही काचो ए पेपे 10, आराब्याता, म्हणजे टोमॅटो-मिरचीचा तिखट पास्ता, 9, चिकोरिया 5, आर्टिचोक 6, घरची पांढरी वाइन अर्धा लिटर 5, पाणी 2 आणि पावाचे 3 असे 40 युरोंत तृप्त होऊन उठलो. चिकोरिया ही कडसर पालेभाजी उकडून मग लसूण व मिरचीवर परततात. आपल्या तोंडाला ती लगेच रुचते आणि रोममध्ये मागवण्यासारखी पहिली गोष्ट माझ्या मते तीच आहे, कार्बोनारा नव्हे.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावे. कार्बोनारा, ग्रीचा आणि आमात्रिचाना या तिन्ही पास्त्यांत ‘ग्वान्चाले’ म्हणजे डुकराच्या गालाचे मांस असतेच. ते वगळून द्या म्हणण्यापेक्षा दुसरा पदार्थ निवडावा. काचो ए पेपेत मांस नाही, पण पेकोरीनो रोमानो कोकराच्या आणि पार्मिजानो हे दुसरे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, विरजतात. कडक पथ्य असेल तर आराब्याता किंवा साधा टोमॅटोचा पास्ता ‘सेन्त्सा फोर्माज्यो’, म्हणजे चीज न घालता, मागावा. भाज्यांच्या सूपमध्ये मांसाचा रस असू शकतो, तेही विचारावे.

साडेसातला दार उघडताच पोहोचले तर आरक्षणाशिवाय जागा मिळण्याची शक्यता बरी असते. साडेआठनंतर शेजारपाजारची कुटुंबे येतात आणि मग फोन केल्याशिवाय जाणे व्यर्थ. बिल मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही, म्हणून ‘इल कोन्तो’ असे म्हणून ते वेळेत मागावे, कारण शेवटची मेट्रो साधारण साडेअकराला सुटते. रविवारी किंवा सोमवारी बऱ्याच खाणावळी बंद असतात. ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 तारखेच्या फेरागोस्तोच्या सणाच्या आसपास, मालक स्वतःच सुटीवर जातात आणि अशा वस्त्यांत अख्ख्या गल्लीची शटर खाली असतात. त्या पंधरवड्यात जाणार असाल तर गार्बातेल्लाला निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी, आणि फोन कोणी उचलला नाही तर निघूच नये.