चेहरा राहू द्या, कड दाखवा

लंडनमध्ये लोक जे बघतात ते मीही बघितलं. टॉवरला रांग होती, थेम्सवर वारा होता, चहा महाग होता. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, तेव्हा जुन्या रोमन नाण्यांसाठी थेट ब्रिटिश म्युझियममध्ये शिरू.

खाली रोझेटा शिलेपुढे दादरच्या पुलावर असते तशी गर्दी. वरच्या मजल्यावर खोली क्रमांक ६८ मध्ये, म्हणजे पैशाच्या दालनात, हवं तितका वेळ उभं राहा, मागून कोणी ढकलत नाही. प्रवेश फुकट. रोमन चांदीसाठी आलेल्याने मात्र आधी खोली ४९ गाठावी. तिथे हॉक्सनचा निधी आहे. १९९२ मध्ये सफोक परगण्यात एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेलेल्या माणसाच्या मेटल डिटेक्टरला तो लागला: १४,८६५ नाणी, त्यातली चौदा हजारांहून जास्त चांदीची. हातोडाही सापडला आणि म्युझियमने तोही ठेवून घेतला. ही चांदीची नाणी म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातली सिलिक्वा. नीट पाहिलं तर बहुतेकांच्या कडा कातरलेल्या दिसतात. कातरणाऱ्यांनी भोवतालचा लेख कापला, पण सम्राटाच्या डोक्याला हात लावला नाही. कातरण वितळवून त्याची आणखी नाणी पाडत.

त्याच दालनात स्नेटिशमच्या सोनाराचा ऐवज आहे. हा दुसऱ्या शतकातला कारागीर चांदीची नाणी आटवून अंगठ्या घडवायचा आणि त्यासाठी सम्राट डोमिशियनची नाणी निवडून ठेवायचा. कारण साधं आहे. डोमिशियनने इ.स. ८२ मध्ये नाण्याचा कस जवळजवळ शुद्ध चांदीपर्यंत वाढवला आणि पुढे ८५ मध्ये पुन्हा उतरवला, तरी त्याची नाणी आधीच्या आणि नंतरच्या पुष्कळांपेक्षा सरसच राहिली. सोनाराला हे ठाऊक होतं. आजचे कित्येक संग्राहक मात्र चेहऱ्यावर भाळून पैसे मोजतात.

म्युझियमची अडचण एकच. काचेआडचं नाणं एका बाजूनेच दिसतं. मागची बाजू नाही, कड नाही, वजन नाही. अभ्यासिकेत आधी वेळ ठरवून गेलं तर नाणी हातात मिळतात, पण त्यासाठी पत्रव्यवहार हवा. ते जमत नसेल तर नाण्यांची जत्रा गाठावी. ब्लूम्सबरीतल्या हॉटेलांच्या हॉलमध्ये शनिवारी असा बाजार भरतो. दारात थोडे पौंड द्यायचे आणि आत शिरायचं. बसायला खुर्ची नाही, हवा कोंदट, आणि वरचा ट्यूबलाइटचा सपाट उजेड तर नाण्याचे दोष झाकायलाच लावल्यासारखा. पाहुणचाराच्या बाबतीत जुने विक्रेते बरे. तुमच्या हातात दहापटीचं भिंग दिसलं की न बोलता ट्रे पुढे सरकवतात. भिंगाबरोबर छोटा टॉर्च आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा असावा. काटा प्रवासात बिघडला की काय याची शंका आली तर ब्रिटिश एक पेनीचं नाणं त्यावर ठेवायचं. त्याचं वजन ३.५६ ग्रॅम, व्यास २०.३ मिलिमीटर. डिनेरियस, म्हणजे रोमनांचं नेहमीचं चांदीचं नाणं, साधारण याच आकाराचा असतो, त्यामुळे तुलनेलाही पेनी सोयीची पडते.

वजनाचं गणित डोक्यात पक्कं हवं. ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंड चांदीतून ८४ डिनेरियस निघत, म्हणजे एकेक सुमारे ३.९ ग्रॅमचा. नीरोने इ.स. ६४ मध्ये ते ९६ केले, वजन आलं ३.४ च्या आसपास, आणि कसही घटवला. सेप्टिमियस सेव्हरसपर्यंत चांदी निम्म्यावर आली. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅलाने अँटोनिनियानस नावाचा नवा शिक्का काढला. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असतो आणि वजन पाच ग्रॅमच्या आसपास. अभ्यासकांच्या मते तो दोन डिनेरियसच्या किमतीचा, पण त्यातली चांदी दीड डिनेरियसचीच. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तर तांब्यावर चांदीची झिलई एवढंच उरलं. म्हणून क्लॉडियस दुसऱ्याचं तांबूस नाणं खोटं असतंच असं नाही, आणि सम्राट ट्रेजनचं २.७ ग्रॅमचं नाणं चकचकीत असलं तरी हातातून खाली ठेवावं.

ते २.७ ग्रॅमवालं बहुतेक मुलाम्याचं असतं: आत तांबं, वर चांदीचा पातळ पत्रा. रोमन काळातच केलेली ही लबाडी आहे. नाक, गाल, केसांच्या बटा अशा उंच जागी पत्रा आधी फाटतो आणि आतून हिरवट-तपकिरी डाग डोकावतो. अशी नाणी मुद्दाम जमवणारेही आहेत. हरकत काही नाही, फक्त भाव त्याचाच द्यावा.

खरी लढाई आजच्या नकलांशी. ओतीव नाण्याचा पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत वाटतो, अक्षरांचे कोपरे गोल झालेले असतात आणि सपाट जागेत हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. साच्याच्या दोन भागांचा सांधा कडेवर येतो, तो घासून काढला तर कानशीच्या समांतर रेघा उरतात. त्याउलट ठशाखाली हातोड्याने ठोकलेल्या चकतीची कड दबून फाकते. तिथे बारीक चिरा पडतात, आणि अक्षरांपासून कडेकडे धातू सरकल्याच्या किरणासारख्या रेषा टॉर्च आडवा धरला की उमटतात. म्हणून मी ट्रेमधलं नाणं उचललं की आधी कडच फिरवून बघते. सम्राट कोण ते नंतर. एकाच ट्रेमध्ये किंवा शेजारच्या टेबलावर अगदी तसंच दुसरं नाणं दिसलं, छाप तेवढाच डावीकडे सरकलेला, ओरखडा त्याच जागी, तर दोन्ही एका साच्यातली. हातोड्याचे दोन घाव सारखे पडत नाहीत.

फसवणुकीची ही कला जुनी. कार्ल विल्हेल्म बेकर नावाच्या जर्मन माणसाने (१७७२ ते १८३०) स्वतः ठसे कोरून जुनी नाणी पाडली आणि त्यांना म्हातारपण यावं म्हणून लोखंडाच्या किसात घालून बग्गीच्या धक्क्यांनी फिरवून आणली. त्याचे ठसे बर्लिनच्या संग्रहात आहेत, आणि त्याची नाणी आज ‘बेकरची नक्कल’ म्हणून वेगळ्या भावाने विकली जातात.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेते आपणहून सांगत नाहीत. दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ होते. दिसायला ठणठणीत डिनेरियस टेबलावर पडला तर बिस्किटासारखा तुटतो. नाणं दोन बोटांनी कडेला धरायचं आणि हात कायम ट्रेच्या वरच ठेवायचा. टेबलावर आपटून नाद ऐकणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्यापासून चार टेबलं लांब राहावं.

ट्रेजनचा एक डिनेरियस जवळून बघण्यासारखा होता. दर्शनी बाजूला लॉरेलची माळ घातलेलं डोकं, लेखात पाचव्यांदा कॉन्सल (रोममधलं वरिष्ठ शासकीय पद) झाल्याचा उल्लेख. पाचवी कॉन्सलशिप इ.स. १०३ ची आणि सहावी ११२ ची, म्हणजे नाणं १०३ ते १११ मधलं. मागे ‘एस पी क्यू आर ऑप्टिमो प्रिन्सिपी’ (रोमची सिनेट आणि जनता यांच्याकडून सर्वोत्तम राजाला) आणि मध्ये स्त्रीरूपात उभा अरेबिया प्रांत: हातात फांदी, पायाशी एवढासा उंट. हा प्रांत १०६ मध्ये साम्राज्याला जोडला, त्यामुळे काळ आणखी आवळता येतो. उंटाची मान झिजलेली, डोकं शाबूत. ३.२१ ग्रॅम. उंटामुळे भाव चढतो हे ठीक, पण याच किमतीत सेव्हरस घराण्याचे दोन-तीन उत्तम डिनेरियस येतात. त्यांची साधी नाणी चाळीस-पन्नास पौंडांपासून मिळतात. सुरुवात तिथूनच करावी. जेमतेम तीन महिने गादीवर बसलेल्या ओथोच्या मागे लागायचं तर खिसा कितीतरी मोठा हवा.

टायबेरियसच्या डिनेरियसचं तर मला नेहमीच हसू येतं. मागे बसलेली स्त्री आणि ‘पाँटिफ मॅक्सिम’ (मुख्य पुरोहित) एवढाच लेख, नाणं अजिबात दुर्मीळ नाही. बायबलमधल्या करवसुलीच्या प्रसंगातलं नाणं हेच, असं मानतात म्हणून त्याला दुप्पट भाव. चांदीचे पैसे द्यायचे की प्रवचनाचे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

याच टायबेरियसशेजारी, कोपऱ्यातल्या एका टेबलावर, मला दिवसभराचा वैताग मिळाला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: भारतीय नक्कल, दक्षिण भारत, जुना संग्रह. म्हणजे रोमन नाण्यावरून भारतात जुन्या काळीच पाडलेलं नाणं. नाणं खरोखर सुरेख. डोळे मोठे, बदामी, केसांच्या जागी समांतर रेघा, आणि लेख म्हणजे अक्षरांचा आभास: उभ्या काड्या, गोल, पुन्हा काड्या. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं अशीच बिघडत जातात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा हात लगेच ओळखू येईल. गालावर छिन्नीचा खोल घाव. दक्षिण भारतात निघालेल्या पुष्कळ रोमन नाण्यांवर असे घाव आहेत. ऑगस्टस आणि टायबेरियसची दोन ठरावीक नाणी तिकडच्या निधींमध्ये भरून सापडतात. नीरोने कस उतरवल्यावरही आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी जुनीच चांदी मागितली, असं बरेच अभ्यासक मानतात. चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात अशा नाण्यांचा मोठा साठा आहे.

पण ‘जुना संग्रह’ म्हणजे किती जुना? शंभर वर्षांहून जुनं नाणं भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे, आणि निर्यातीवर नियंत्रण त्याआधी १९४७ पासूनच होतं. म्हणजे या चिठ्ठीवर त्याआधीच्या मालकाचं नाव, लिलावाचं वर्ष, जुनं पाकीट, काहीतरी हवं. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, सगळे असंच लिहितात. नाणं काट्यावर ठेवू का विचारलं, तर ट्रेच मागे ओढला. त्याच माणसाकडच्या इंग्लंडात सापडलेल्या सिलिक्वावर मात्र पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणारी योजना) नोंदणी क्रमांक टापटीप लिहिलेला. १९९६ च्या ट्रेझर कायद्याने तिकडे तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन नाणी एकत्र सापडली तरी कळवावं लागतं, म्हणून तिकडची शिस्त. आपल्या मातीतल्या नाण्याला दोन शब्द पुरतात.

हे नुसतं नीतीचं बोलणं नव्हे, पैसेही बुडतात. ब्रूटसने सीझरच्या खुनानंतर पाडलेलं एक सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात बत्तीस लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. त्याचा मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. चाळीस पौंडांच्या नाण्यामागे कोणी पोलीस लावत नाही, पण पुढे विकताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं. जुनी चिठ्ठी फाटकी असली तरी नाण्याबरोबर ठेवावी आणि बिलावर सम्राट, वजन, कॅटलॉग क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांक अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ऑनलाइन कॅटलॉगवर फुकट ताडता येतो. आणि भारतात आणलेलं नाणं पुन्हा बाहेर नेता येणार नाही, हे आणण्याआधीच लक्षात घ्यावं.

घरी आल्यावर साफसफाईचा किडा चावतो. चांदी चमकवायच्या द्रावणात डिनेरियस बुडवला की तो पांढराफटक, मेलेला दिसतो आणि किंमत निम्मी होते. करडी-जांभळी कठीण खपली असेल तर ती सिल्व्हर क्लोराइडची. सोडियम थायोसल्फेटच्या सौम्य द्रावणात, मधूनमधून बघत, ती सुटते. नंतर डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं, नळाच्या नाही. ब्रश लावायचाच नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच. लोकरीचं फेल्ट आणि रबरबँड यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते, ओकच्या लाकडातून आम्ल सुटतं, महोगनी चालतं. मऊ, वासाची प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात आणि वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर हिरवा चिकटा सोडतात. ब्लूम्सबरीत शंभर पौंडांचं नाणंसुद्धा विक्रेते याच पाकिटात घालून देतात.