तिसरा वाटा

भाद्रपद वद्य नवमी

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात हा दिवस असतो. तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. हिच्या नावाने ही पहिलीच. जुन्या चाळीत समोरच्या खोलीत राहणाऱ्या वहिनींना बोलावलं होतं. जेवून उठताना म्हणाल्या, "भावोजी, अहेव गेली ती. सोनं झालं तिचं." दहाव्यापासून हे ऐकतोय. माणसं चांगल्या मनाने बोलतात हे कळतं, तरी मला ते सोसत नाही. पहाटे चारला अजून जाग येते, कारण इतकी वर्षं त्या वेळेला हिचा स्टोव्ह पेटायचा. आता उठून करायचं काय, हे मला कुणी सांगत नाही.

सवाष्णीचा स्वयंपाक जुन्या भांड्यांत व्हावा असा माझा हट्ट होता, म्हणून काल पोती सोडली. पुनर्विकासासाठी बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरचं सगळं बारदानात शिवलं होतं. संक्रमण शिबिरात ते तसंच पडून राहिलं, आणि ही तिथेच गेली. ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्यात आम्ही होतो. ५०० चौरस फुटांचं, दोन बेडरूमचं घर. हिने त्याचा नकाशा तेवढा पाहिला. ओट्याची जागा बोटाने दाखवून म्हणाली होती, "इथे परात बसेल ना हो?"

परात बसली. पण तिच्यावरूनच घरात बोलाबोली झाली.

ही परात साधी नाही. मी कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो आणि ही खाणावळ चालवायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या दारातून काढून बँकेच्या दारात नेलं ते त्यांनी. हिला कर्ज मिळालं त्यातून ही परात, दोन पितळी टोप आणि एक मोठा डाव आला. डावाची एक कड झिजून सपाट झाली आहे. कालवण ढवळताना तो नेहमी एकाच बाजूने टोपाला घासायचा.

त्याच पोत्यात उधारीची वही निघाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्यावर आमचा जीव होता आणि दोन-तीन महिन्यांत सगळं मिटेल असं वाटत होतं. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरणी मात्र गेली. पगार नाही म्हणून खाणावळीचे पैसे नाहीत. हिने एकालाही पानावरून उठवलं नाही. भाकरीबरोबर कालवणाच्या जागी पिठलं आलं, मग नुसती चटणी, पण पान मांडलं. वहीत नावं आहेत, गावं आहेत: खेड, पाटण, संगमेश्वर, चंदगड. पुढे रकमा. काही रकमांवर रेघ मारलेली, म्हणजे फिटल्या. बऱ्याच तशाच आहेत. गावी गेलेली ती माणसं परत आलीच नाहीत. हिने त्यांना कधी शिव्या घातल्या नाहीत, मंगळसूत्र पेढीवर गहाण पडलं तेव्हासुद्धा नाही.

वहीतलं अक्षर लेकीचं आहे. हिला लिहिता येत नव्हतं, म्हणून दुसरीतली पोर शाळेतून आल्यावर आई सांगेल ते लिहायची. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा, पाळण्यातून नुकता उतरलेला. त्याला यातलं काही आठवत नाही. त्याने पाहिली ती पुढची आई, टीव्हीसमोर बसून वाती वळणारी. म्हणून दोघं भांडतात तेव्हा मला वाटतं, ही दोन वेगळ्या आयांसाठी रडतायत.

मुलगा म्हणाला, "वही घरातच राहू दे, आईच्या घरात." लेक म्हणाली, "आईचं घर म्हणजे आता तुझंच ना रे?" पुढे बरंच झालं. परात लेकीकडे डोंबिवलीला जाणार की नाही, तिथून सुरू झालेलं हिच्या बँकेतल्या लॉकरपर्यंत गेलं. लॉकरला नॉमिनी मुलगा आहे. त्याला वाटत होतं, नॉमिनी म्हणजे मालक. तसं नसतं. नॉमिनीने वस्तू ताब्यात घ्यायची आणि वारसांच्या हवाली करायची. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. मृत्युपत्र न करता गेलेल्या बाईचं जे असेल ते नवरा, मुलगे आणि मुली यांच्यात सारखं वाटलं जातं. म्हणजे आमच्या घरात तीन वाटे. मुलाने फोनवर वाचून खात्री केली आणि गप्प झाला.

कायदा बरोबर आहे. पण त्या तीन वाट्यांत सून कुठेच नाही, आणि शेवटचे महिने हिचं सगळं सुनेने केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, रात्री दोनला उठून पाणी पाजणं. मी पुरुष माणूस दारात उभा राहायचो. लेक शनिवार-रविवारी यायची, मुलगा कामावरून थकून यायचा. कुणाला दोष देत नाही. पण भांडण चालू असताना सून ओट्यापाशी भांडी पुसत होती आणि तिला एकानेही विचारलं नाही की तुला काय हवं.

म्हणून आज जेवणं झाल्यावर दोघांना समोर बसवून सांगितलं. घर पुढे मुलाकडेच राहणार हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा परात, टोप आणि वही लेकीची. डाव मी असेपर्यंत इथेच. लॉकरमधल्या सोन्याचे तीन वाटे करा. माझ्या वाट्याला पाटल्या घेतो आणि त्या सुनेला देतो. माझ्या माघारी नाही, आताच, हातात.

सून म्हणाली, "बाबा, मला नकोत. लोक म्हणतील सोन्यासाठी केलं." मी म्हटलं, लोकांना दहाव्यापासून ऐकतोय, आणखी थोडं ऐकेन.

मुलाने पाटल्यांवर हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, वहीची झेरॉक्स तरी दे." ती म्हणाली, "झेरॉक्समध्ये तुला काय कळणार? घरी ये, कोण कोण होते ते सांगते." तो जाईल की नाही, सांगता येत नाही. लेकीच्या बोलण्यात अजून धार आहे.

पुढच्या आठवड्यात लॉकर उघडायला जायचं ठरलंय. आम्ही तिघं, आणि सूनही. तिला मी दोनदा बजावलंय, बाहेरच्या बाकावर थांबायचं नाही, आत यायचं.