बोळात अडकलेला सव्वा पॉइंट

पावसामुळे घरात बसून बसून भाच्याने गोचा बोर्ड बनवला. गो म्हणजे काळ्यापांढऱ्या सोंगट्यांनी जागा घेरायचा खेळ, घेरलेल्या दर मोकळ्या घराला एक पॉइंट. कार्डशीटवर 9 बाय 9 रेघा आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली काळीपांढरी बटणं. खरा बोर्ड 19 बाय 19, म्हणजे रेघा छेदतात तिथली 361 घरं, पण तेवढी बटणं कुठून आणणार!

मला आवडतो तो डावाचा शेवट. मारामारी संपलेली असते आणि उरतात नुसते बोळ, आपल्या जुन्या नाशकात वाड्यांमागे असतात तसे, एका बाजूने बंद. बोळ माझा, पण तोंड उघडं, म्हणून भाचा एकेक घर आत सरकतो, शेजारचे रोज स्कूटर जरा जरा आत लावतात ना, अगदी तस्संच.

आता दोन घरांचा बोळ घ्या. मी तोंड बुजवलं तर एक घर बटणाखाली जातं, उरतो एक पॉइंट, तो शिरला तर शून्य, म्हणून किंमत अर्धा. तीन घरांचा असेल तर बुजवल्यावर दोन, नाहीतर उरतो मघाचाच अर्धावाला, मधोमध सव्वा. चार घरांचा दोन रुपये दोन आणे, म्हणजे दोन आणि एक अष्टमांश! शेवटी मोजताना अर्धा-पाव कोणी देत नाही, पण आधी कुठे खेळायचं ते या आण्यांवरच ठरतं. गणितज्ञ जॉन कॉनवेला केंब्रिजमध्ये गोचे असेच शेवट बघताना दिसलं की एक डाव म्हणजे बऱ्याच छोट्या डावांची बेरीज, आणि त्यातून त्याने आकड्यांचं अख्खं नवीन जगच काढलं. पुढे बर्लेकॅम्प आणि वुल्फ या गणितज्ञांनी 1994 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. बर्लेकॅम्प तर असे शेवट रचायचा की नाइन डान, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचे, प्रोफेशनलसुद्धा त्याच्याकडून एका पॉइंटने हरायचे, बाजू कुठलीही घ्या म्हणे.

आणि मी? काल माझे तीन बोळ उघडे होते, दोन-दोन घरांचे दोन आणि तीन घरांचा एक. हाताशी होता म्हणून दोनवाला बुजवला. भाचा गुपचूप तीनवाल्यात शिरला. माझे झाले दोन पॉइंट, मोठा आधी बुजवला असता तर तीन झाले असते, आणि हरलो किती ने तर एका. हे सगळं मी मोठ्याने मोजत होतो, तर आतल्या खोलीतून अप्पांची सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, सुरू, सव्वा, अडीच, पावणेचार... आणि तिथेच थांबले.

"पावणेचार वाजले रे, चहाचं बघा कोणीतरी."