पाणी घेऊ का?

आजही झोप नाही. कालचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

साडेतीन वाजले असतील. पाऊस नुकता ओसरला होता. चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीला काय काय लागेल त्याची यादी घेऊन मी आमच्या वृद्धाश्रमाच्या जेवणघरातून निघाले होते, तर तिथेच राहणाऱ्या माई फिल्टरपाशी उभ्या. हातात रिकामा पेला. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. मला पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, पाणी घेऊ गो?"

नळ समोर, पेला हातात. मी "घ्या की" म्हटलं आणि पुढे गेले. पण यादीत त्यानंतर एक अक्षर लिहिता आलं नाही.

गेलं दीड वर्ष मी काय केलं मग? डोळ्यांना टोचणाऱ्या पांढऱ्या ट्यूबा काढून पिवळे दिवे लावले. खाटांवरच्या नंबरांच्या पट्ट्या स्वतःच्या नखांनी खरवडून काढल्या. पुढच्या दारी सोपो, बसायचा कट्टा, बांधून घेतला, म्हणजे संध्याकाळी येणाजाणाऱ्याला "खंय चल्ला?" म्हणून हाक मारता येईल. अंगणात तुळस आली. ज्याच्या त्याच्या घरचे जुने फोटो ज्याच्या त्याच्या उशापाशी आले. देणगीदारांपुढे हात पसरताना मला कधी लाज वाटली नाही. माझे सगळे रविवार तिथे गेले, आणि घरी त्यावरून जे बोलणं ऐकलं ते इथे लिहीत नाही. एवढं करून माई पाणी विचारून घेतात. काल रात्री मला रडू आलं, ते माईंसाठी की माझ्यासाठी, खरंच सांगता येत नाही.

आपल्याकडे अजून लोक 'आश्रमात ठेवलं' म्हणतात. म्हापशाच्या जुन्या हॉस्पिटलाला आझिलो म्हणतात, तो पोर्तुगीज 'आझिलो'ही आश्रयच. दोन्ही शब्दांत कुणीतरी देणारा आहे आणि कुणीतरी घेणारा. आमच्याकडे कुणाचा वाढदिवस असला की मंडळी फळं घेऊन येतात. मनापासून येतात. मग आम्ही सगळ्यांना ओळीने बसवतो, एकेकाच्या हातात केळं-सफरचंद ठेवतो, फोटो काढतो. नव्वदीच्या मामांनाही हात जोडायला लावतो. चार वाजता चहा, सातला जेवण, नंतर स्वयंपाकघराला कुलूप. कुलूप का, तर एकदा गॅस चालू राहिला होता, आणि साखरेच्या डब्यात हात घालणारे दोघे मधुमेही आहेत. कारणं खरी आहेत. पण रोज हेच शिकवल्यावर माणूस पाण्यालाही विचारणारच. पडदे बदलून ते कसं जाणार होतं?

1991 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये बिल थॉमस नावाच्या डॉक्टरने दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर छोटे पोपट आणून सोडले. त्याचं म्हणणं, इथली माणसं आजारापेक्षा एकटेपणाने, असहायपणाने आणि कंटाळ्याने खचतात. हे वाचून मी मीटिंगमध्ये पोपटांची गोष्ट काढली, तर भाई म्हणाले, आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972च्या कायद्याने गुन्हा आहे. मी पोपटांवरच अडले होते. त्याच्याही आधी, 1976 साली, एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवा, आणि प्रत्येकाला एकेक रोप स्वतः सांभाळायला दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालत. स्वतः ठरवणाऱ्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत दिसू लागली. रोप दोन्हीकडे होतं. आमच्या तुळशीला पाणी कोण घालतं? माळी.

आईच्या शेवटच्या महिन्यात मीही तिच्या हातातून सगळं काढून घेतलं होतं. असो.

आज रविवार नसूनही गेले. घरातली आदोळी, म्हणजे नारळ खोवायची विळी, आणि दोन नारळ पिशवीत घालून नेले. सिस्टरांचा जीव खालीवर होत होता, कुणी बोट कापून घेतलं तर म्हणून. मी माईंच्या समोर पाट मांडला. त्या क्षणभर बघत राहिल्या, मग पदर खोचून बसल्या आणि आदोळीवर हात फिरवून म्हणाल्या, "हिला धार कुठे आहे? आणि हा नारळ जून, रसाला चालेल, कोशिंबिरीला नाही. कुणी आणला?" मी म्हटलं, मी. "बघून घ्यावा बाय."

दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी तिथे माझ्यावर रागावलं. मला इतकं बरं वाटलं.

अर्धा नारळ खोवून झाल्यावर त्या उठल्या, फिल्टरकडे गेल्या आणि पेला हातात घेऊन पुन्हा माझ्याकडे वळल्या. "घेऊ गो?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "माई, घरी असं विचारून घ्यायचात का पाणी?"

"सासू होती तोवर विचारूनच. नंतर सुनेला." त्यांनी पेला भरला. "मध्ये सात-आठ वर्षं होती ती माझी."

मी सारखं म्हणत होते, त्यांना घरासारखं वाटू दे. कुठल्या घरासारखं, हे कधी विचारलंच नव्हतं. त्या सात-आठ वर्षांत स्वयंपाकघरात काय काय कुठे असायचं, ते मग त्या सांगत बसल्या. मिठाची बरणी डाव्या हाताला, कोकमं वरच्या फळीवर, खिडकीबाहेर अळू. मी यादीचा कागद उलटा करून सगळं लिहून घेतलं.

परवा भाईंशी कुलपाचं बोलायचं आहे. गॅसची टाकी बाहेर काढून पाइप आत घेतला तर दार उघडं राहू शकेल का, ते विचारायचं. तुळशीचा तांब्या माळ्याकडून परत घ्यायचा. माटोळी कशी बांधायची ते मामा ठरवतील. सकाळी पाववाला पोदेर फाटकात येतो तेव्हा एकट्या सिस्टरांनी सगळ्यांचे उंडे घेण्यापेक्षा ज्यांना चालवतं त्यांना जाऊ द्यावं, पावांतच कुणाला पोळी हवी असेल, कुणाला कांकण.

आदोळी तिथेच ठेवून आले आहे. धार लावून आणायला माईंनी सांगितलंय, आणि नारळ या खेपेला त्या स्वतः वाजवून बघणार आहेत.