रात्रीची पिवळी रेघ

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून प्रवासी विमानं उडायला लागली ती १६ एप्रिल २०२५ रोजी. तेव्हापासून बडनेऱ्याच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत मला एकच प्रश्न येतो, "काका, रातच्यानं पायलटले खालच्या थ्या पिवळ्या रेघा दिसते कावो?" विमानतळांवर रेघा मारणाऱ्या टोळीत माझी बावीस वर्षं गेली, म्हणून मलाच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

नुसता रंग रात्री दिसत नाही. रनवेवरच्या खुणा पांढऱ्या असतात. रनवेपासून विमान उभं करायच्या जागेपर्यंतचा रस्ता म्हणजे टॅक्सीवे, तिथल्या पिवळ्या. मधली रेघ किमान १५ सेंटिमीटर रुंद. रंग ओला असतानाच तिच्यावर रव्यासारखे बारीक काचेचे मणी टाकायचे. मणी अर्ध्याहून थोडा जास्त रंगात रुतला पाहिजे. प्रकाश मण्यात शिरतो, मागच्या रंगावर आपटतो आणि आला त्याच वाटेनं परत जातो.

ही परत जायची वाटच महत्त्वाची. परवा भाचीच्या मुलाला घेऊन गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर गेलो. म्हटलं, टॉर्च कानशिलाला लाव आणि दूरच्या पांढऱ्या पट्टीवर मार. पट्टी लख्ख पेटली. मग टॉर्च मी घेतली, खाली बसून जमिनीजवळ धरली आणि त्याला उभ्यानंच बघायला लावलं. "आजोबा, विझली!" म्हणाला. विझली नव्हती, उजेड माझ्या हाताकडे परत येत होता, त्याच्या डोळ्यांकडे नाही. मोठ्या विमानात असंच होतं. विमान जमिनीवर चालताना लावायचा दिवा पुढच्या चाकाच्या दांड्यावर, खाली. पायलटचे डोळे दोन माणसांच्या उंचीहूनही वर. शिवाय नाकाखालची काही मीटर जमीन त्याला दिसतच नाही. कारवाल्याला जेवढी रेघ चमकते तेवढी त्याला चमकत नाही.

म्हणूनच दिवे लागतात. कडेला निळे, आणि मोठ्या विमानतळांवर मधोमध हिरवे, त्या ओळीवरून चालत जायचं. लहान ठिकाणी बहुतेक वेळा कडेचे निळेच असतात, वळण कुठून घ्यायचं ते रंगानंच सांगायचं. तिथं रेघेची जबाबदारी दुप्पट.

सगळ्यात वाईट म्हणजे पाऊस. मण्यांवर पाण्याचा पातळ पापुद्रा बसला की उजेड आत शिरण्याआधीच पुढे निसटतो, आणि ओलं डांबर आरशासारखं सगळ्या दिव्यांची प्रतिबिंबं दाखवतं. अशा वेळी जुन्या रेघा घात करतात. रस्ता बदलला की जुनी रेघ खरवडून काढायची असते. घाईत तिच्यावर काळा रंग फासला, तर दिवसा ती लपते आणि रात्री ओल्यात तिरप्या उजेडात पुन्हा उठून दिसते, खऱ्या रेघेसारखी. काळा रंग फासणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडलो.

३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री तैपेईला वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं विमान कामासाठी बंद ठेवलेल्या रनवेवरून सुटलं आणि तिथल्या यंत्रांवर आदळलं. ८३ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांच्या चुका निघाल्या, तशा टॅक्सीवेवरून रनवेकडे वळायच्या जागेवरच्या खुणांच्या आणि दिव्यांच्या उणिवाही निघाल्या. हिरवी ओळ त्या बंद रनवेकडे वळत होती आणि बरोबर रनवेकडे सरळ जाणारी पिवळी रेघ तिथं पुढे आखलेलीच नव्हती. हे वाचल्यावर रेघ मारणाऱ्या माणसाला झोप कशी लागेल?

रनवेच्या तोंडाशी चार आडव्या पिवळ्या रेघा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड बाजूनं आलात तर परवानगी मिळेपर्यंत थांबायचं, तुटक बाजूनं आलात तर रनवे सोडून बाहेर पडायचं. पैसा कमी असेल तर माझ्या मते आधी ह्या चार रेघा करा. मधली रेघ तर लवकर झिजतेच, कारण प्रत्येक विमानाचं पुढचं चाक तिच्यावरूनच जातं. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात गाड्यांच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती. ती धुवायला हवी, नुसती रंगवून भागत नाही.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मे महिना, एक लहान विमानतळ, डांबर इतकं तापलेलं की बुटाचा तळ चिकटे. मण्यांचं पोतं उशिरा आलं, तोवर रंगावर साय धरली होती. तरीही आम्ही मणी टाकले. सकाळी रेघ पिवळीधमक दिसली, साहेबांनी कागदावर सही केली, मीही गप्प बसलो. रात्री चैन पडेना. परवानगी काढून टॉर्च घेऊन गेलो, कानशिलाला लावली. पन्नास पावलं रेघ चमकली, पुढची वीस पावलं मेलेली, मग पुन्हा चमकली. त्या वीस पावलांवर बोट फिरवलं तर मणी बोटाला लागून सुटे निघाले, वाळूसारखे. तेवढा तुकडा लोखंडी ब्रशनं घासून साफ केला आणि डांबर गार झाल्यावर, पहाटे पहिलं विमान यायच्या आत, पुन्हा मारला. ह्या वेळी मण्यांचं पोतं मीच खांद्यावर घेऊन रंगाच्या मागोमाग चाललो.