सिस्टर, 60 दाखवतंय

मृत्यू घोषित करणं डॉक्टरांचं काम. पाच-सात मिनिटांत उरकतं. पुढचा तास-दीड तास आम्हा नर्सेसचा, आणि त्याबद्दल आम्हाला धड कुणी शिकवलेलं नसतं. शिकवतात त्या दुःखाच्या पाच पायऱ्या, नकारापासून स्वीकारापर्यंत, परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो. मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉसबाईंनी 1969 साली त्या मांडल्या, त्या मुळात मरणाला टेकलेल्या रुग्णांबद्दल होत्या, मागे राहणाऱ्यांबद्दल नव्हे, हे मला नोकरीत बरीच वर्षं घालवल्यावर कळलं. आणि मागे राहणारी माणसं कसल्या पायऱ्या चढतात! एकाच मिनिटात रडतात, भांडतात आणि मधेच पार्किंगची पावती शोधायला लागतात.

त्या रात्रीचे आजोबा 78 वर्षांचे. न्यूमोनिया, किडन्या थकलेल्या. आता नळ्या घालून ओढाताण करायची नाही, असं घरच्यांशी बोलून ठरलेलं होतं. डाव्या खांद्याखाली पेसमेकर. जवळ मुलगा एकटाच. पहाटे 4 वाजून 10 मिनिटांनी श्वास थांबला. डॉक्टरांनी नाडी, बुबुळं, ठोके सगळं नीट तपासलं, ‘सॉरी, ते गेले’ म्हणाले, आणि पलीकडचा व्हेंटिलेटर बोंबलत होता म्हणून तिकडे पळाले.

या ‘गेले’वर माझा राग आहे. एकदा एका बाईंनी ते ऐकून मला विचारलं होतं, “कुठल्या वॉर्डात?” तेव्हापासून मी ‘मृत्यू झाला’ असंच म्हणते. ऐकायला कठोर आहे, पण दुसरा अर्थ निघत नाही. त्या मुलालाही तसंच सांगितलं. त्याने मान हलवली आणि माझ्या डोक्यावरून वर बघत म्हणाला, “नाही सिस्टर, 60 दाखवतंय.”

चूक माझी. अलार्म म्यूट केला होता, मॉनिटर बंद केला नव्हता. पेसमेकर हृदयाला ठरलेल्या गतीने विजेचा झटका देत राहतो. हृदय थांबलंय हे त्याला कळत नाही. मॉनिटरही कधी कधी तेच झटके ठोके समजून मोजतो. पडद्यावर बारीक उभ्या रेषा आणि हिरव्या अक्षरांत 60. बोटाच्या क्लिपवरून येणारी नाडीची लाट सपाट झालेली होती, पण ती कोण बघतो?

डॉक्टरांना परत बोलावलं. ते म्हणाले, “इलेक्ट्रिकल अ‍ॅक्टिव्हिटी आहे, मेकॅनिकल नाही.” माणूस हुशार आहे, ड्यूटीला चोख आहे, पण असं वाक्य पहाटे सव्वाचारला कुणाच्या डोक्यात शिरणार? मुलाने वडिलांचा हात घट्ट धरला. “अजून चालू आहे. तुम्ही सोडून देताय त्यांना.”

मग मी जे केलं ते कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये नाही. गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, त्याच्या कानात घातला, त्याच्याच हाताने वडिलांच्या छातीवर ठेवायला दिला.

तो ऐकत राहिला. मग एकदम म्हणाला, “आहे! काहीतरी आहे!”

त्याची बोटं थरथरत होती. त्याला ऐकू येत होतं ते तेच. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी हळूच त्याचा हात बाजूला केला, स्टेथोस्कोप स्वतः धरला. किती वेळ गेला ते मोजलं नाही. त्याने स्वतःच कानातून काढला, नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. मग मी मॉनिटर बंद केला.

पुढचं काम मला येतं, आणि ते मी घाईत करत नाही. पापण्या आणि जबडा आधी ताठर व्हायला लागतात, दोन-तीन तासांत. त्याआधी डोळे मिटायचे, कवळी बसवायची, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी. कवळी डबीतच राहिली की चेहरा आत बसतो आणि घरच्यांना आपला माणूस ओळखू येत नाही. उशी काढायची नाही, डोकं थोडं उंच ठेवायचं, नाहीतर रक्त उतरून चेहरा काळवंडतो. कुशीवर वळवताना छातीतली हवा सुटते, अगदी सुस्कारा टाकल्यासारखी. म्हणून त्या वेळी नातेवाईक बाहेर. त्या रात्री तर नक्कीच बाहेर.

आणि मग त्यालाच सांगावं लागलं, की दहन करणार असाल तर पेसमेकर आधी काढावा लागतो, आगीत बॅटरी फुटते, इथे सही करा. त्याने सही केली. विचारलं, “काढल्यावर बंद होईल?” मी खरं सांगितलं, लगेच नाही. बॅटरीत अजून बरीच वर्षं शिल्लक होती. तो नुसता ‘बरं’ म्हणाला.

सकाळी इन्चार्ज सिस्टरनी मला बाजूला घेतलं. “त्याला उभ्या जन्मात ती शांतता विसरता येणार नाही. तुला काय अधिकार?” त्यांची 30 वर्षं नोकरी झाली आहे, उगाच बोलणाऱ्या नाहीत. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. माझ्याजागी त्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मृत्यूनंतरच्या कामांची आमची छापील यादी आहे. ओळखपट्ट्या दोन, दागिन्यांची नोंद, फाइल, सह्या. तिच्या अगदी वर मी पेनाने लिहिलं, ‘आधी मॉनिटर बंद’. पुढच्या महिन्यात नवीन छापील गठ्ठा आला, त्यात ती ओळ नाही. रात्री जरा वेळ मिळाला की मी एकेका कागदावर लिहून ठेवते.