जुनी कार्डं उपसताना: संग्रहाची चौथी नोंद

मंडळी, गेल्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे दोन महिने नवीन काही साठवलं नाही. संगणक आणि इंटरनेटच्या जगातल्या गमतीजमतींच्या माझ्या संग्रहात २१२ कार्डं आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त ‘काय भारी आहे!’ एवढ्याच आनंदात टाकलेली: एक चित्र, एक ओळ, आणि ते कुठून आलं याचा पत्ता नाही. आता नियम असा की मूळ ठिकाणापर्यंत पोचल्याशिवाय कार्डाला हिरवा टॅग लावायचा नाही. आजपर्यंत ६४ हिरवी झाली.

पहिली चूक सापडली ती कॉफीच्या भांड्याच्या कार्डावर. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत सगळ्यांत मिळून कॉफीचं एक भांडं होतं. लांबच्या खोल्यांतून चालत यावं तर ते रिकामं. म्हणून १९९१ मध्ये त्याच्यावर कॅमेरा रोखला गेला. माझ्या कार्डावर ‘१९९१, वेबवरचा पहिला कॅमेरा’ असं लिहिलं होतं, ते चूक. तेव्हा ते चित्र प्रयोगशाळेच्या आतल्या नेटवर्कवरच दिसायचं, वेबवर आलं १९९३ मध्ये. १२८ बाय १२८ पिक्सेलचं करडं चित्र, मिनिटाला तीनेक वेळा बदलणारं. २२ ऑगस्ट २००१ ला ते बंद झालं. शेजारचंच कार्ड चहाच्या किटलीचं. १ एप्रिल १९९८ ला, एप्रिल फूलची गंमत म्हणून, कॉफीचं भांडं इंटरनेटवरून चालवण्याचे नियम सांगणारा रीतसर तांत्रिक दस्तऐवज निघाला. किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिने ४१८ क्रमांकाचा एरर द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. मूळ दस्तऐवज जरूर वाचा. गंभीर भाषा कुठेही ढळत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

सगळ्यात जास्त वेळ घेतला ‘भूत अक्षरां’नी. पूर्ण चार रात्री. जपानमध्ये १९७८ साली संगणकासाठी अक्षरांचं पहिलं मोठं मानक ठरलं, त्यात सहा हजारांवर कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी मूळ चिनी अक्षरं, होती. पुढे लक्षात आलं की यांतली काही अक्षरं कुठल्याच शब्दकोशात सापडत नाहीत, कोणी लिहीतही नाही. १९९७ च्या सुधारणेच्या वेळी समितीने जुन्या याद्या पुन्हा उघडून एकेका अक्षराचा माग काढला. त्यातलं एक माझं सर्वांत आवडतं. एका गावाच्या नावात वर ‘डोंगर’ आणि खाली ‘स्त्री’ असं दुर्मीळ अक्षर होतं. यादी तयार करताना हे दोन भाग वेगवेगळे कापून कागदावर चिकटवले गेले. दोन्हींच्या मधे कागदाच्या कडेची सावली उमटली, आणि पुढच्या कोणाला ती आडवी रेघच वाटली. झालं, नवीन अक्षर जन्मलं! तिथून ते युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या संगणकाच्या समान अक्षरयादीत, गेलं, आणि युनिकोडमध्ये एकदा घेतलेलं अक्षर काढत नाहीत. म्हणजे कागदाच्या कडेची ती सावली आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. हे कळल्यावर मी ते अक्षर मोठं करून कितीतरी वेळ त्या मधल्या रेघेकडे बघत बसलो. आपल्या छंदात यापेक्षा मोठं बक्षीस मला माहीत नाही.

आडव्या स्मितचिन्हाचं कार्डही हिरवं झालं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद झाला आणि काहींना तो खरा वाटला. त्यावरच्या चर्चेत १९ सप्टेंबर १९८२ ला तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदापुढे विसर्गचिन्ह, आडवी रेघ आणि कंस, म्हणजे :-) असं, टाकावं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला भावला तो पुढचा भाग. तो मूळ संदेश हरवला होता. २००२ मध्ये काही जणांनी जुन्या बॅकअप टेप शोधल्या, त्या वाचू शकणारं चालू यंत्र मिळवलं, जुना फॉरमॅट उलगडला आणि तो संदेश बाहेर काढला. एवढ्याशा तीन चिन्हांसाठी! ते आपल्यातलेच लोक.

क्यूआर कोडचं कार्ड मात्र वाचून भागलं नाही, कागद-पट्टी घ्यावी लागली. १९९४ मध्ये डेन्सो या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. तीन कोपऱ्यांतले चौकोन स्कॅनरला पटकन ओळखू यावेत, आजूबाजूच्या छपाईत त्यांचा भास होऊ नये, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी पत्रकं, मासिकं, खोके असं भरपूर छापील साहित्य तपासून सर्वांत कमी आढळणारं काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण शोधलं: १:१:३:१:१. मी ग्राफ कागदावर सात बाय सात घरांचा तसाच चौकोन काढला (बाहेर एक घर जाडीची काळी चौकट, आत तेवढीच पांढरी, मधे तीन बाय तीनचा काळा ठोकळा) आणि मध्यबिंदूतून आडवी, तिरकी, वाटेल तशी रेघ ओढून मोजलं. प्रत्येक वेळी तेच प्रमाण! एकात एक बसवलेले चौकोन असल्यामुळे कोन कोणताही घ्या, भाग त्याच पटीत पडतात. म्हणून फोन वाकडा धरला तरी चालतो. तुमच्यापैकी कोणाकडे ग्राफ कागद असेल तर हे करून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे.

मेलेल्या लिंकांचं थोडक्यात सांगतो. ३९ कार्डांवरची पानं उघडेनात. वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जतन करणाऱ्या साइटवर २७ सापडली. यापुढे पान मिळालं की त्याच दिवशी तिथे जतन करायचं आणि कार्डावर दोन्ही पत्ते लिहायचे. स्क्रीनशॉटचं नावही तारखेने सुरू करतोय, त्यामुळे शोधणं फार सोपं झालंय.

सध्या टेबलावर मॅकच्या कमांड कळीचं चिन्ह आहे, चार कोपऱ्यांत गाठी मारल्यासारखं. मॅकची चित्रचिन्हं बनवणाऱ्या सुझन केअर यांनी ते चिन्हांच्या एका कोशातून निवडलं. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखवायला तीच खूण वापरतात, आणि युनिकोडमध्ये त्याचं अधिकृत नावही ‘प्रेक्षणीय स्थळाची खूण’ याच अर्थाचं आहे. कार्डावर आता रस्त्यावरची पाटी आणि कळ, दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावतोय. ते ६५ वं.